नावात गाव असलेला कवी

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला एखाद्या तरी तरुण पत्रकाराचा फोन येतो. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो आणि त्या दिवशीच्या पानासाठी त्यांना माणसं हवी असतात. मी तेहतीस वर्षं जर्मन शिकवलं, काही पुस्तकं मराठीत आणली आणि माझ्या पाठीला कुबड आहे. यातली तिसरी गोष्ट त्यांच्या कामाची असते. गेल्या वर्षी फोन आला तेव्हा मी म्हटलं, ‘‘माझ्यावर नको, मी एका जर्मन कवीवर लिहून देते.’’ मुलगा नम्र होता. ‘‘चालेल ना मॅडम,’’ म्हणाला. ‘‘फक्त त्यांनी कशावर मात केली तेवढं पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.’’

तो लेख मी दिला नाही, कारण मॅक्स हेरमान-नायसे या कवीने कशावरही मात केली नव्हती. त्याची उंची वाढली नाही, पाठ सरळ झाली नाही, सुटलेला देश परत मिळाला नाही. वयाच्या ५४ व्या वर्षी, परक्या शहरात, हृदयविकाराने तो गेला. ज्या भाषेत तो लिहीत होता ती भाषा तेव्हा त्या शहराच्या शत्रूची होती. असा हा माणूस मला गेली चाळीस वर्षं सोबत करतो आहे, आणि त्याच्याबद्दल जे लिहायचं राहिलं ते आज लिहिते आहे.

त्याचा जन्म २३ मे १८८६ चा, नायसे या गावचा. त्या वेळच्या जर्मन साम्राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात सायलेशिया नावाचा प्रांत होता. बोहेमियाची सरहद्द तिथून जवळ. नायसे हे त्या प्रांतातलं जुनं गाव, चर्चच्या मनोऱ्यांनी गजबजलेलं. शतकानुशतकं तिथं ब्रेस्लाउच्या बिशपांची सत्ता होती, म्हणून लोक त्याला ‘सायलेशियाचं रोम’ म्हणत. भर वस्तीत १६८६ सालची एक विहीर आहे, तिच्यावर घडीव लोखंडाचा नक्षीदार पिंजरा आहे आणि तिचं नावच ‘सुंदर विहीर’. जर्मन रोमँटिक कवितेतला थोर कवी आयशेनडोर्फ उतारवयात या गावात येऊन राहिला आणि १८५७ मध्ये इथंच वारला. गावाला लागून नदी वाहते. तिचं नावही नायसेच.

मॅक्सच्या वडिलांचा खानावळीचा आणि बिअरचा धंदा होता. मुलाची वाढ लहानपणीच खुंटली. डॉक्टरी भाषेत त्याला हायपोसोमिया म्हणतात. डोकं मोठ्या माणसाचं, धड आखूड, पाठ वाकलेली, मान दोन खांद्यांत रुतलेली. गावातल्या पोरांनी त्याला काय काय ऐकवलं असेल याची कल्पना मी करू शकते. जर्मन लहान मुलांच्या एका जुन्या लोकगीतात एक कुबडा बुटका आहे. घरात कुठंही जा, हा आधीच तिथं हजर! भांडं फुटलं, काही सांडलं, की खापर त्याच्यावर. नायसेतल्या मुलांनाही ते गाणं पाठ असणार.

आमच्याकडे ते काम मंथरा करते. मला सहाव्या वर्षी मणक्याचा क्षय झाला. औषधांनी जीव वाचला, पाठ मात्र वाकली ती वाकलीच. सहावीत असताना स्नेहसंमेलनात रामायणातला प्रवेश बसवला होता आणि मंथरेचं काम मला मिळालं. ‘‘हिला फारसा मेकअप लागणार नाही,’’ हे बाईंचे शब्द अजून कानात आहेत. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. त्यांना ते सोयीचं वाटलं, एवढंच. मी संवाद चोख पाठ केले होते. टाळ्या पडल्या. आई प्रेक्षकांत होती. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन तडक शाळेत गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिने मला कधीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मला सूत्रधाराचं काम मिळालं.

पाठ वाकडी म्हणजे मन वाकडं, ही समजूत इतकी मुरलेली आहे. अलीकडे तिचं रूप पालटलं आहे. आता पाठ वाकडी म्हणजे मन पोलादी! दोन्ही वेळा पाठच आधी येते आणि माणूस तिच्या मागून चालतो.

मॅक्स म्युनिक आणि ब्रेस्लाउ इथं साहित्य आणि कलेचा इतिहास शिकला आणि १९०९ मध्ये गावी परतला. लिहूनच जगायचं त्याने ठरवलं होतं. फ्रान्झ युंग हा पुढे गाजलेला बंडखोर लेखक त्याच्याच गावचा, त्याचा मित्र. १९११ पासून बर्लिनच्या ‘डी आक्त्सिओन’ या जहाल नियतकालिकात मॅक्सच्या कविता येऊ लागल्या. १९१४ मध्ये एस. फिशरसारख्या मातब्बर प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं. हे सगळं नायसेत बसून. गाव त्याला आवडत होतं आणि त्याला गावाचा रागही येत होता. तिथल्या कोत्या, कर्मठ मध्यमवर्गाला त्याने पुढे कथा-कादंबऱ्यांत सोडलेलं नाही.

मग महायुद्धाने घर बुडवलं. धंदा बसला. १९१६ मध्ये वडील गेले. १९१७ मध्ये आईने नदीत जीव दिला. नायसे नदीत.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याने लेनी गेबेक हिच्याशी लग्न केलं आणि दोघं बर्लिनला गेली. तिथं गेल्यावर त्याने आपल्या नावाला गावाचं नाव जोडलं. मॅक्स हेरमानचा मॅक्स हेरमान-नायसे झाला.

या जागी मी कित्येकदा थांबले आहे. माझं आडनाव ‘कर’ने संपतं. चार पिढ्यांपूर्वी आम्ही संगमेश्वर तालुक्यातलं गाव सोडलं. घर पडलं, जोत्याचे दगडही लोकांनी नेले, पण गाव आमच्या रेशनकार्डावर आहे, पासपोर्टवर आहे, माझ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहे. आपल्याकडे हे इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाला काही वाटत नाही. जर्मन माणसाला मात्र असं नाव जाणूनबुजून घ्यावं लागतं. आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? हेरमान हे तिकडचं सर्रास आढळणारं नाव, बर्लिनमध्ये मॅक्स हेरमान नावाचे नाट्यशास्त्राचे नामवंत प्राध्यापक आधीपासून होतेच, तेव्हा घोटाळा टाळायला म्हणून घेतलं असेल. असेलही. पण घोटाळा टाळायला टोपणनावं ढीगभर मिळतात. ज्या नदीने आई नेली तिचंच नाव आयुष्यभर सही म्हणून लिहायचं, पुस्तकामागून पुस्तकावर छापायचं, हे सोयीपुरतं होत नाही. गाव सोडल्यावर त्याने गावाचं नाव घेतलं. मराठीत तो मॅक्स नायसेकर झाला असता आणि आपल्याला तो लगेच कळला असता.

जगाने मात्र त्याला दुसऱ्याच गोष्टीने ओळखलं. चित्रकार गेओर्ग ग्रोस हा त्याचा बर्लिनमधला मित्र. लष्करी अधिकारी, नफेखोर, पाद्री यांना लेखणीने सोलून काढणारा. ग्रोसने १९२५ आणि १९२७ मध्ये त्याची दोन मोठी तैलचित्रं केली. पहिलं मानहाइमच्या कुन्स्टहालेत आहे, दुसरं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. मानहाइमच्या चित्रात फुलाफुलांच्या कापडाची आरामखुर्ची आहे आणि तिच्यात हा बुटका माणूस नीटनेटका सूट घालून बसला आहे. टक्कल, त्यावरच्या शिरा, चष्मा, खांद्यांत बुडालेली मान आणि शरीराच्या मानाने मोठे वाटणारे हात.

हे चित्र मी पहिल्यांदा पुण्यात पाहिलं, जर्मन शिकत असताना, वर्गात फिरवलेल्या एका पुस्तकात. शेजारच्या मुलीने पान माझ्याकडे सरकवलं, आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान वळवली. मला शरमेने काही सुचेना. पुस्तक तसंच पुढे दिलं. दोन-तीन दिवसांनी ग्रंथालयात एकटी जाऊन ते पुन्हा काढलं आणि चित्राखाली ‘कवी’ असा शब्द वाचला. मग कविता शोधायला लागले. त्या मिळायला मला सहा वर्षं लागली. चित्र कुठल्याही पुस्तकात मिळत होतं.

ग्रोसवर माझा राग नाही. हे चित्र मी आता इतक्यांदा पाहिलं आहे की खात्रीने सांगते, त्यात टवाळी नाही. ज्याची लेखणी कुणालाच सोडत नव्हती त्याने इथं कुंचला हळू चालवला आहे. मित्र समोर तासन् तास बसलाय आणि आपण त्याला जसा आहे तसा पाहतोय, हे त्यात दिसतं. माझा राग आहे तो चित्राखाली लिहिणाऱ्यांवर. त्या चित्राबद्दल जे जे मी वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन वाक्यांत कुबड येतं, मग त्या काळाचं ‘विरूप’ वास्तव येतं, मग ग्रोसची शैली येते. एक कविता वाचून मग चित्राबद्दल लिहिलंय, असं क्वचित जाणवतं. ज्याला १९२४ मध्ये आयशेनडोर्फ पुरस्कार मिळाला आणि १९२७ मध्ये गेरहार्ट हाउप्टमान पुरस्कार, तो माणूस चित्राचा निव्वळ विषय होऊन बसला.

त्याच काळात तो बर्लिनच्या कॅबरेंमध्ये रंगमंचावर उभा राहून आपल्या कविता वाचत होता, हेही सांगायला हवं. लपून बसणारा माणूस नव्हता तो. नाटकांवर, कॅबरेवर परीक्षणं लिहून घर चालवत होता. १९२२ मध्ये त्याने साहित्याच्या इतिहासलेखनातल्या मध्यमवर्गी दृष्टीवर टीका करणारं पुस्तक काढलं होतं, तेही कामगारांच्या बाजूने. त्याची मतं उघड होती.

म्हणूनच फेब्रुवारी १९३३ च्या शेवटी राइशस्टाग ही जर्मन संसदेची इमारत जळाल्यावर थोड्याच दिवसांत तो लेनीला घेऊन देशाबाहेर पडला. तो ज्यू नव्हता. गप्प बसला असता तर कदाचित निभावलंही असतं, असं त्याच्याबाबतीत म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच वर्षी १४ जुलैला ‘आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याचा’ कायदा नाझींनी केला. त्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ मध्ये रुग्णालयांतून, आश्रमांतून बसगाड्या भरभरून अपंग आणि मनोरुग्ण माणसं नेली आणि सत्तर हजारांवर माणसं विषारी वायूने मारली. १९३७ मध्ये मानहाइमचं ते चित्रही जप्त करून ‘विकृत कले’त जमा केलं. पण मॅक्सने देश सोडला तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. तो गेला तो आपल्या विचारांसाठी, एक लेखक म्हणून. माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातला सगळ्यात ताठ कण्याचा क्षण तो. हा वाक्प्रचार मी मुद्दाम वापरते आहे. पाठ वाकलेल्या माणसाबद्दल तो वापरायला लोक कचरतात.

स्वित्झर्लंड, हॉलंड, पॅरिस असं करत सप्टेंबर १९३३ मध्ये ती दोघं लंडनला पोहोचली. आल्फोन्स झोन्डहायमर नावाच्या रत्नांच्या व्यापाऱ्याने त्यांना आधार दिला. त्याच्याशिवाय घरभाडंही भागलं नसतं. हद्दपार जर्मन लेखकांच्या पेन संघटनेची उभारणी ज्या चौघांनी केली त्यांत लिओन फॉइश्टवांगर, एर्न्स्ट टोलर आणि रुडोल्फ ओल्डन यांच्याबरोबर मॅक्सही होता. टोलरने १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली. ओल्डन १९४० मध्ये ज्या जहाजाने अमेरिकेला निघाला ते पाणबुडीने बुडवलं. त्या जहाजाचं नाव होतं ‘सिटी ऑफ बनारस’.

इंग्रजी मॅक्सला अखेरपर्यंत परकी राहिली. हाइड पार्कात फिरायचं, घरी येऊन जर्मनमध्ये लिहायचं. १९३६ मध्ये झुरिकला त्याचा ‘उम उन्स डी फ्रेम्ड’ हा संग्रह निघाला, थॉमस मान यांच्या प्रस्तावनेसह. नावाचा अर्थ असा की आपल्या अवतीभवती सगळं परकं. १९३८ मध्ये जर्मनीने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याने ब्रिटिश नागरिकत्व मागितलं, ते मिळालं नाही. ज्याच्या नावातच गाव होतं तो आता कुठल्याच देशाचा नव्हता. ८ एप्रिल १९४१ रोजी तो गेला. लंडनच्या ईस्ट फिंचली दफनभूमीत त्याची कबर आहे. शेवटच्या कविता लेनीने नीट लावून त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आणल्या. युद्ध चालू असताना, लंडनमध्ये, जर्मन भाषेतली पुस्तकं. लेनीचं हे काम मला कवीच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं.

त्या लंडनच्या वर्षांतल्या कविता मला सर्वांत जवळच्या. सुरुवातीला तो एक्स्प्रेशनिस्टांबरोबर होता, शब्द तापलेले, ओळी तुटक. हद्दपारीत तो साध्या, यमकाच्या, गाण्यासारख्या कडव्यांकडे आला. काही समीक्षकांना ते मागे जाणं वाटतं. मला वाटतं, ज्याच्याकडे जमीन उरली नाही त्याला लय तरी हातात हवी होती. मी वाचलेल्या कवितांत शरीराचा सल आहे, लेनीबद्दलची हुरहुर आहे, रात्रीची भीती आहे. पण सगळ्यांत जास्त आहे ते गाव. तिथल्या गल्ल्या, बागा, घंटा, नदी. ज्या नदीबद्दल मनात अढी बसायला हवी होती, तिच्यापाशी तो पुन:पुन्हा मायेने जातो.

यातल्या अकरा कविता मी मराठीत केल्या आहेत आणि सगळ्यांत जास्त अडले ते एका शब्दाशी. हाइमाट. जर्मन माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात घर असतं, गाव असतं, मुलूख असतो, बोली असते आणि ते सगळं सुटल्याची कळही असते. ‘मातृभूमी’ फार मोठं होतं, झेंड्याचं होतं. ‘गाव’ बरोबर आहे पण कोरडं. ‘जन्मभूमी’ सरकारी. शेवटी मी ‘माहेर’ घेतलं. माझ्या एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला की पुरुषाला माहेर कसं असेल. पण पंढरीला माहेर म्हणणाऱ्या पुरुष संतांची भाषा आपली आहे. जिथं परत जायचा हक्क आहे असं वाटतं आणि जिथं परत राहता येत नाही, त्या जागेला मराठीत दुसरा शब्द नाही. १९४५ मध्ये बर्लिनहून त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं, ‘हाइमाटफर्न’. माझ्या वहीत त्याचं नाव ‘माहेराहून दूर’ आहे.

त्याच वर्षी खुद्द नायसे बेचिराख झालं. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत गावाचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला, मग सरहद्द सरकली, जर्मन रहिवाशांना बाहेर काढलं गेलं आणि गाव पोलंडमध्ये गेलं. आता ते निसा. लोखंडी पिंजऱ्याची विहीर अजून आहे. नदी आहे. नायसे हे नाव नकाशावर नाही, ते एका कवीच्या सहीत आहे.

त्या तरुण पत्रकाराला मी एवढंच सांगेन, की माणूस स्वत:चं नाव काय सांगतो ते आधी ऐकावं. या माणसाने पाठीचं नाव लावलं नाही, दु:खाचं लावलं नाही, गावाचं लावलं. आपल्या आसपासही जे लिहितात, गातात, चित्रं काढतात आणि ज्यांचं शरीर वेगळं आहे, त्यांच्याबद्दल लिहाल तेव्हा त्यांची एक कविता तरी आधी वाचा, एक गाणं ऐका, आणि मग पहिला परिच्छेद लिहा. ‘मात’ हा शब्द वर्षभरासाठी बाजूला ठेवून पाहा.

आणि एक मागणं पुण्यामुंबईत जर्मन शिकणाऱ्या मुलांकडे. तुमच्यातले बरेच जण भाषा नोकरीसाठी शिकतात. त्यात काही गैर नाही, मीही पोटासाठीच शिकवली. पण तुम्हाला मूळ भाषा येते, मधे इंग्रजीची गरज नाही. हा कवी १९४१ मध्ये गेला. आपल्या कॉपीराइट कायद्याची ६० वर्षं आणि तिकडची ७० वर्षं केव्हाच उलटली. कुणाची परवानगी नको, पैसे भरायला नकोत. माझ्या अकरा कविता झाल्या आहेत, शेकडो बाकी आहेत, आणि माझे डोळे आता थकले. तुम्ही करा. पुस्तक निघेल तेव्हा मुखपृष्ठावर ग्रोसचं चित्र घेऊ नका, आणि नाव छापताना शेवटचं ‘नायसे’ गाळू नका.